सुखना तलावामागचे गाव

चंडीगडला गेलेला माणूस सुखना तलावावर जातोच. 1958 साली एका बरसाती ओढ्यावर मातीचा बांध घालून हा तलाव केला. नगररचनाकार ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांचे हे काम. बांधावर गाड्या येऊ नयेत, पाण्यात मोटरबोटी फिरू नयेत, असा कॉर्बुझिएंचा आग्रह होता. नव्या राजधानीतल्या माणसाला संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा मिळाली. तलावात मात्र पाण्याबरोबर गाळही येऊ लागला, आणि तो पाण्यासारखा आटून जाणारा नव्हता.

हा ओढा ज्यांतून उतरतो ते शिवालिकचे डोंगर वयाने लहान आणि अंगाने कच्चे. वाळू, चिकणमाती आणि गोटे यांचे हे थर. वरचे गवत गेले की एका पावसात त्यांना घळी पडतात. 1974 पर्यंत सुखनाची निम्म्याहून अधिक साठवण गाळाने खाल्ली होती. सरकारने पाणलोटातली सुमारे 25 चौरस किलोमीटर जमीन संपादित करून झाडे लावली, ओढा वळवला, उपसा सुरू ठेवला. गाळ येतच राहिला.

तो कुठून येतो, हे शोधायला केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंडीगड केंद्राचे प्रमुख पी. आर. मिश्रा ओढ्याच्या उगमाकडे निघाले. माग काढत ते सुखोमाजरीला पोचले. पिंजोरजवळचे हे छोटे गाव, वस्ती बहुतेक गुज्जरांची. 1975 मध्ये इथे 59 घरे होती. शेती तुटपुंजी आणि सगळी पावसावर. ती पुरत नाही म्हणून बकऱ्या, आणि बकऱ्या डोंगरावर. डोंगर वनखात्याचा, शेते लोकांच्या मालकीची. पण माती वाहते तेव्हा सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे हे ती पाहत नाही. उघड्या डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याने पाडलेली घळ गावाच्या खासगी शेतांत शिरली होती आणि दर पावसाळ्यात पुढे सरकत होती.

शहराचा तलाव वाचवा, असे सांगून गावाला काय वाटणार होते? तलावावर फिरायला सुखोमाजरीचे कोणी जात नव्हते. मिश्रांच्या माणसांनी आधी नेहमीच्या गोष्टी केल्या. उतारावर चर खणले, दगडी बांध घातले, रोपे लावली. बकऱ्या पूर्वीसारख्याच चरायला येत राहिल्या.

1976 मध्ये घळ थांबवण्यासाठी त्यांनी तिच्या तोंडाशी मातीचा एक लहान बंधारा घातला. हेतू माती अडवण्याचा होता. पुढच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, उभा गहू वाळायला लागला आणि बंधाऱ्यामागे मात्र पाणी होते. ते शेतात सोडायचा प्रश्न गावातूनच आला. पीक वाचले. पुढे आणखी बंधारे झाले. जमिनीखालून नळ टाकले, आणि पंप न लावता उताराने पाणी शेतापर्यंत येऊ लागले.

इथवरची गोष्ट कोणत्याही बऱ्या पाझर तलावाची आहे. सुखोमाजरीचे वेगळेपण पुढच्या भांडणात आहे. पाणी मिळाले ते ज्यांची शेते नळाच्या वाटेवर होती त्यांना. ज्यांना थेंब मिळाला नाही, त्यांनी आपल्या बकऱ्या डोंगरावरून का हटवाव्यात? भूमिहीनांनी तर कशासाठी? त्यांचा सवाल बिनतोड होता, आणि मिश्रांच्या गटाचे मोठेपण हे की त्यांनी तो आडमुठेपणा म्हणून झटकून टाकला नाही. तोडगा निघाला तो असा: पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा. जमीन असो वा नसो, थोडी असो वा जास्त. ज्याला स्वतःला लागत नाही, त्याने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा किंवा विकावा. बदल्यात प्रत्येक घराने एकच करायचे, जनावर डोंगरावर सोडायचे नाही. ना तारेचे कुंपण, ना पहारेकरी. एकाची बकरी वर गेली की नुकसान सगळ्यांचे, म्हणून सगळेच राखणदार. या व्यवस्थेला पुढे ‘सामाजिक कुंपण’ असे नाव पडले. ती चालवण्यासाठी गावाची सोसायटी उभी राहिली.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. त्याच सुमारास, 1972 च्या दुष्काळानंतर, पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात ग्राम गौरव प्रतिष्ठानमार्फत पाणी पंचायत सुरू केली. तिथेही पाण्याचा हक्क जमिनीला न चिकटवता माणसाला दिला: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस नाही. शिवालिक आणि पुरंदर यांच्यामध्ये दीड हजार किलोमीटरचे अंतर, तरी दोन्हीकडच्या माणसांना एकच मेख सापडली होती.

डोंगर किती लवकर भरला, याचे आकडे थक्क करणारे आहेत. 1976 मध्ये हेक्टरी 13 झाडे होती. 1992 मध्ये 1,272. गवत हेक्टरी 40 किलोवरून 3 टनांवर गेले. बकऱ्या घटल्या, बांधून पोसायच्या म्हशी वाढल्या, दूध विकले जाऊ लागले. उतारावर खैर उभा राहिला. दोर वळायला आणि कागदासाठी लागणारे भाभड गवत पूर्वी वनखाते ठेकेदाराला लिलावात देई आणि गावकरी त्याच्याकडून विकत घेत. पुढे या गवताचा पट्टा गावाच्या सोसायटीनेच घेतला. सुखनात येणारा गाळ तर जवळजवळ थांबला. शेजारच्या नाडा गावातही असेच काम झाले. तिथल्या बायकांबरोबर बसून मधू सरीन यांनी बिनधुराची चूल घडवली, ती ‘नाडा चूल’ म्हणून देशभर गेली. पर्यावरण-अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी सुखोमाजरीचे नाव जगापुढे नेले.

मग घसरणही झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सरकारने सोसायटीच्या गवतावरच्या उत्पन्नाला आयकर लावला. डोंगर हिरवा केल्याबद्दल आयकर भरणारे देशातले पहिले गाव, असा सुखोमाजरीचा लौकिक झाला. पट्ट्याची रक्कम, कर आणि खात्याने बदललेले वाटणीचे नियम यांतून गावाच्या हाती उरणारे कमी होत गेले. बंधाऱ्यांत गाळ साठला, त्यांची डागडुजी कोणी करायची यावर वाद झाले, काहींनी कूपनलिका घेतल्या. ज्याच्या शेतात स्वतःचे पाणी आले, त्याला सोसायटीच्या पाळीची गरज उरली नाही. वाटा ढिला झाला तसे कुंपणही ढिले झाले. गावकऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांनी राखलेल्या डोंगराचे मोल त्यांच्याच पदरातून काढून घेतले गेले, ही गोष्ट त्याआधी मांडायला हवी.

दरम्यान चंडीगडच्या कडेच्या खासगी जमिनीवर नवाच दाब आला आहे. कांसल, कैंबवाला, नयागाव, सकेतडी ही गावे सुखनाच्या पाणलोटाला लागून किंवा पाणलोटातच आहेत आणि तिथे जमिनीचा भाव गवतावर ठरत नाही, प्लॉटवर ठरतो. या जमिनी वाचवायला हाताशी आहेत ते कायदे. 1900 चा पंजाब जमीन संरक्षण कायदा मुळात याच ओढ्यांच्या धुपीसाठी झाला. त्याखाली खासगी मालकाच्या जमिनीवरही तोड, चराई आणि खोदकाम बंद करता येते. 2 मार्च 2020 रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुखनाला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला आणि पाणलोटातली बांधकामे हटवण्यास सांगितले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1900 च्या कायद्याच्या विशेष आदेशांखालील जमिनींना वनाचे संरक्षण लागू असल्याचे ठरवले. हे निर्णय आवश्यकच होते. पण मनाई मान्य करणाऱ्या मालकाच्या घरात बदल्यात काय येणार, हा सुखोमाजरीतला पहिला प्रश्न मनाईने सुटत नाही.

खासगी जमिनीपुरते त्याचे उत्तर शोधायला मिश्रा स्वतः पलामूला गेले होते. तेव्हाच्या बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या या जिल्ह्यात त्यांनी ‘चक्रीय विकास प्रणाली’ उभी केली. लोकांनी आपापल्या मालकीच्या पडीक जमिनी एकत्र आणल्या, बांध काढून टाकून त्यावर एकत्रित लागवड केली. उत्पन्नाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग जमिनीच्या मालकांना, तेवढाच तिथे राबणाऱ्यांना, आणि उरलेला गावाच्या निधीला व पुढच्या लागवडीला, असा हिशेब ठरला. भूमिहीनांचा वाटा इथे पहिल्या दिवसापासून करारातच लिहिलेला होता.