सेवेच्या दोन थैल्या

जुलै महिना उजाडला की गावोगावच्या सेवासंस्थांमध्ये पदग्रहण समारंभांची लगबग सुरू होते. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संस्थांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांकडे सूत्रे सोपवतात, सचिव वर्षभराच्या संकल्पांची यादी वाचतात. नेत्रशिबिर, रक्तदान, शाळेसाठी पाण्याची टाकी, गरजू विद्यार्थ्यांना वह्या. यादी संपली की साऱ्यांच्या नजरा कोषाध्यक्षांकडे वळतात.

हा पैसा येतो तो बहुतांशी बाजारपेठेतून. भुसार, कापड, सराफी, औषधे, बांधकाम साहित्य अशा व्यवसायांतील आपल्या कुटुंबांचा या क्लबांशी दुहेरी संबंध असतो. घरातील एखादा सभासद क्लबात असतो आणि क्लबची पावतीपुस्तके आपल्याच दुकानाच्या पायऱ्या चढतात. म्हणूनच, निधी किती जमला या प्रश्नाइतकाच तो कोणत्या वहीत गेला आणि तेथून कोठे पोहोचला हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. विचारण्याचा अधिकार आपला आहे आणि उत्तर समजण्याची विद्याही आपल्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे.

या चळवळीचा उगमच मुळी व्यापारी वर्तुळात झाला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना एकत्र बोलावले. त्यांत एक कोळशाचा व्यापारी होता, एक शिंपीकाम करणारा व्यावसायिक आणि एक खाण अभियंता. आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयात बैठक भरवायची असे ठरले. त्या फिरत्या क्रमावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. प्रारंभी परस्परांशी स्नेह आणि परस्परांना व्यवसाय हाच हेतू होता. परंतु दोन-तीन वर्षांतच या मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून प्रयत्न आरंभिले, आणि स्नेहमंडळाचे रूपांतर सेवासंस्थेत होऊ लागले.

त्याच शिकागोत मेल्विन जोन्स हे विमा व्यावसायिक एका व्यापारी मंडळाचे काम पाहत. सभासदांनी एकमेकांचा धंदा वाढवावा एवढ्यासाठीच हे मंडळ होते. इतकी कर्तबगार माणसे आपली बुद्धी समाजासाठी का वापरत नाहीत, असा प्रश्न जोन्स यांना पडला आणि १९१७ मध्ये लायन्स संघटना स्थापन झाली. त्याच वर्षीच्या अधिवेशनात असे ठरले की सभासदांचा आर्थिक लाभ हे कोणत्याही क्लबचे उद्दिष्ट असणार नाही. व्यापाऱ्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने व्यापारी लाभ आपल्या उंबरठ्याबाहेर ठेवला, ही घटना आजही प्रत्येक नव्या सभासदाला सांगण्याजोगी आहे.

भारतात रोटरीचा पहिला क्लब कोलकात्यात निघाला, तर लायन्सचे काम १९५६ साली मुंबईत सुरू झाले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत त्यांच्या शाखा झाल्या. या संस्था काय करू शकतात याचे मोठे उदाहरण पोलिओचे आहे. रोटरीने १९८५ मध्ये जगभर पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला. आपल्याकडे शासन, आरोग्य कर्मचारी आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या बरोबरीने क्लबचे सभासद रविवारी सकाळी बूथवर बसत आणि डोसाविना राहिलेली बालके शोधत. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला संपूर्ण विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. एक संकल्प तडीस जाण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. या काळात कित्येक अध्यक्ष बदलले, परंतु काम थांबले नाही आणि त्यासाठी बाजूला काढलेला निधी अन्यत्र वळला नाही.

निधी अन्यत्र वळू नये यासाठी लायन्स संघटनेने एक साधा नियम घालून दिला आहे. क्लबच्या दोन थैल्या असाव्यात. एक प्रशासनाची. तीत सभासदांची वर्गणी जमा व्हावी आणि सभागृहाचे भाडे, चहापान, निमंत्रणपत्रिका, पदग्रहणाचे भोजन हा सारा खर्च तीतूनच व्हावा. दुसरी सेवाकार्याची. लोकांकडून जे जे गोळा झाले ते या थैलीत यावे आणि पुन्हा लोकांकडेच जावे. त्यातील एक रुपयाही सभासदांच्या सोयीवर खर्च होऊ नये. नाटकाचे तिकीट घेणारा गृहस्थ मुलांच्या शिक्षणासाठी पैसे देत असतो, क्लबच्या मेजवानीसाठी नव्हे.

लायन्सच्या सभेत ‘टेल ट्विस्टर’ नावाचा एक गमतीदार पदाधिकारी असतो. कोणी उशिरा आले, कोणी बोधचिन्ह लावायला विसरले की तो हसतखेळत दंड वसूल करतो. त्याच्या निर्णयावर दाद मागता येत नाही. मात्र एका सभेत एका सभासदाला दोनपेक्षा अधिक वेळा दंड करता येत नाही. या विनोदी प्रथेलाही एक गंभीर कलम जोडलेले आहे: जमलेला दंड तत्काळ कोषाध्यक्षाकडे सोपवावा आणि त्याची पावती घ्यावी. थट्टेत जमलेल्या दहा-वीस रुपयांनाही पावती लागते, हे ज्या संस्थेला उमगले तिच्या मोठ्या रकमा सुरक्षित राहतात.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. पेढीवरच्या खतावणीत ‘धर्मादा’ हे खाते असे. प्रत्येक व्यवहारावर ठरलेली अल्प रक्कम ग्राहकाकडून घेतली जाई आणि ती दुकानाच्या नफ्यात न मिसळता वेगळी जमा होई. पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा, विद्यार्थी वसतिगृहे यांना अशा खात्यांनी हात दिला. मंदिरातील देवद्रव्य साधारण खात्यात वापरायचे नाही, ही शिस्तही आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ज्या हेतूसाठी घेतले त्याच हेतूसाठी वापरावे, हा दोन्हींमागील विचार एकच आहे.

कायद्यानेही या प्रथेला मान दिला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५४ नुसार, प्रथेप्रमाणे धर्मादाय हेतूने आकारलेली रक्कम व्यापाऱ्याकडे विश्वस्त या नात्यानेच राहते. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयास सादर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की ग्राहकांकडून घेतलेला धर्मादा हे गिरणीचे उत्पन्न नव्हे. ती रक्कम आरंभापासूनच धर्मकार्यासाठी बांधलेली आहे. म्हणून त्यावर गिरणीला प्राप्तिकर लागू होत नाही. पैसा आपल्या तिजोरीत असूनही आपला नसतो, ही जाणीव ज्या घरांत रुजली आहे, त्या घरांतील तरुणांनी क्लबचे कोषाध्यक्षपद टाळू नये. ते पद त्यांच्याच हातात शोभते.

आता निधी उभारण्याच्या मार्गांकडे पाहू. संगीतरजनी, नाट्यप्रयोग, आनंदमेळा, स्मरणिकेतील जाहिराती, दिवाळीत फराळाची विक्री, रद्दी संकलन हे आपल्या परिचयाचे मार्ग. त्यांतील सर्वांत दिमाखदार मार्ग नेहमीच सर्वांत फलदायी असतो असे नाही. समजा, एका संगीतरजनीतून तिकिटे व जाहिराती मिळून ४ लाख रुपये जमले आणि कलाकारांचे मानधन, सभागृह, ध्वनियंत्रणा व भोजन यांवर २ लाख ८० हजार खर्च झाले. शाळेपर्यंत पोहोचले १ लाख २० हजार. म्हणजे देणाऱ्याच्या रुपयातील तीस पैसे. कार्यक्रम सुंदर झाला असेल, गावात क्लबचे नावही झाले असेल, परंतु व्यापाऱ्याच्या नजरेतून ही उलाढाल आहे, नफा नव्हे. याउलट सभासदांनी चार रविवार घरोघरी फिरून रद्दी गोळा केली, तर टेम्पोच्या भाड्याखेरीज खर्च तो कोणता? रक्कम लहान दिसेल, पण जवळजवळ सारी सेवेच्या थैलीत जाईल. कार्यक्रमानंतर ‘इतके जमले’ असे जाहीर करण्याऐवजी ‘इतके जमले, इतके खर्चले, इतके उरले’ असे तीन आकडे फलकावर लावणारा क्लब पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन आला, तर त्याला कोणी परत पाठवणार नाही.

देणगी शक्यतो धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी. रोख दिलेल्या २,००० रुपयांहून अधिक देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे व्यवहारी कारण आहेच. शिवाय बँकेतील नोंद संस्थेलाही जपते. आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान आहे आणि तो असावा. दाता आपले नाव फलकावर येऊ देणार नाही. पण त्याची रक्कम मात्र वहीत आलीच पाहिजे.

निधीच्या शिस्तीइतकीच कामाची शिस्त महत्त्वाची. नेत्रशिबिराचेच पाहा. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी आवाहन केले आणि तेव्हापासून नेत्रसेवा हे या संघटनेचे प्रमुख व्रत ठरले. आपल्याकडे एके काळी शाळेच्या वर्गात वा मंडपात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. त्या काळाची ती गरज होती. परंतु जंतुसंसर्गाने एका दिवसात कित्येकांची दृष्टी जाऊ शकते, हे कटू अनुभवांनी शिकवले. आता गावात फक्त तपासणी करावी आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच व्हावी, हीच योग्य पद्धत मानली जाते.

येथे क्लबचे खरे काम सुरू होते. शस्त्रक्रियेचा खर्च पूर्वीसारखा जड राहिलेला नाही. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच कृत्रिम भिंग बनवण्यास आरंभ केला आणि परदेशातून सुमारे शंभर डॉलरला येणारे भिंग दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले. धर्मादाय रुग्णालयांना शासकीय अनुदानही मिळते. अडते ते अन्यत्र. सत्तरीची आजी एकटी शहरात कशी जाणार? तिच्यासोबत येणाऱ्या मुलाची दिवसाची मजुरी बुडते. रक्तातील साखर वाढलेली आढळली तर तिला परत पाठवतात आणि ती पुन्हा येतच नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब वेळेवर कोणी घालायचे? दुसऱ्या दिवशीची, आठवड्यानंतरची आणि महिन्यानंतरची तपासणी चुकली तर? गाडी, सोबत, जेवण, औषधाची बाटली, चष्मा आणि तपासणीच्या आदल्या संध्याकाळी एक दूरध्वनी, एवढ्यावर दृष्टी परत येणे वा न येणे अवलंबून असते. म्हणून शिबिराच्या अहवालात तपासलेल्यांच्या संख्येबरोबर आणखी एक आकडा असावा: महिन्यानंतरच्या तपासणीस कितीजण आले?

रक्तदानाचेही तसेच. एखाद्या जयंतीला किंवा वर्धापनदिनी एकाच दिवशी शेकडो पिशव्या रक्त जमवून विक्रम करण्याची हौस अनेक ठिकाणी दिसते. परंतु रक्त हा नाशवंत माल आहे. तांबड्या पेशी साठवणीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, अवघे ५ दिवस. एका दिवशी गोदाम ओसंडून वाहावे आणि दोन महिन्यांनी रिकामे पडावे, असा साठा कोणता दुकानदार करील? त्यातच रक्त दिलेल्या पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे गावातील सारे दाते एकदमच थकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत महाविद्यालये बंद असतात, माणसे परगावी जातात आणि रक्तपेढ्यांत टंचाई भासते. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर काही आठवड्यांनी रक्त लागतेच. रक्तपेढीला विचारून तिच्या गरजेच्या आठवड्यात पन्नास पिशव्यांचे शिबिर घेणे, हे जयंतीच्या पाचशे पिशव्यांहून अधिक उपयोगाचे ठरू शकते. त्याला वृत्तपत्रात जागा कमी मिळेल.

या सर्व कामांत घरातील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मँचेस्टर येथे १९२४ साली रोटरी सभासदांच्या पत्नींनी इनर व्हील स्थापन केले. १९८७ पासून लायन्सचे आणि १९८९ पासून रोटरीचे सभासदत्वही स्त्रियांना खुले झाले. घरखर्चाची वही काटेकोर ठेवणारी गृहिणी, दुकानाची संगणकीय खाती सांभाळणारी सून आणि सनदी लेखापाल झालेली कन्या यांना क्लबात फराळाच्या पाकिटांपुरतेच बोलावणे हा त्यांच्या गुणांचा अपव्यय आहे. लेखापरीक्षण त्यांच्याकडे द्यावे.

नव्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या पहिल्याच सभेत तीन ठराव करावेत, अशी नम्र सूचना. दोन थैल्यांची दोन बँक खाती असावीत आणि त्यांवर दोघांच्या सह्या लागाव्यात. दर तिमाहीस जमाखर्च सभेत मोठ्याने वाचला जावा आणि देणगीदारांनाही पाठवला जावा. तसेच मावळत्या अध्यक्षांनी सुरू केलेले एखादे चांगले काम नव्या अध्यक्षांनी आपल्या वर्षातही चालू ठेवावे. प्रत्येक जुलैत नवी कोनशिला बसवण्याचा आग्रह धरू नये. गेल्या वर्षी शाळेत बसवलेल्या पाण्याच्या टाकीचा नळ आज चालू आहे का, हे पाहायला जाणे हाही एक उपक्रमच आहे.

आणि आपण, जे दुकानात बसून पावती फाडून घेतो, त्यांनी एवढे करावे: येत्या दिवाळीत वहीपूजन होईल तेव्हा नव्या वहीत, अगर संगणकात, धर्मादा खात्याचे एक स्वतंत्र पान उघडावे. वर्षभरात कोणाला किती दिले ते तेथे लिहावे आणि त्यासमोर एक रकाना मोकळा ठेवावा. त्या पैशाचे काय झाले, हे संस्थेकडून कळेल तेव्हा तो भरावा. वर्षअखेर ज्या संस्थेसमोरचा रकाना कोरा राहील, तिला पुढची देणगी देण्यापूर्वी एकदा प्रेमाने विचारावे.