जात्यावरच्या ओव्या आणि जुना पत्ता

जात्यावरच्या ओव्यांचं एक पुस्तक मागच्या वर्षी घेतलं होतं. प्रत्येक ओवीखाली क्यूआर कोड. स्कॅन केला की ती ओवी गाणाऱ्या बाईच्याच आवाजात ऐकू येईल, असं प्रस्तावनेत लिहिलेलं. मी फोन धरला, तर ‘पान सापडलं नाही’. पुस्तकाचा शाईचा वास अजून गेलेला नव्हता आणि त्यातला पत्ता बंद पडला होता. फार लागलं मनाला. प्रकाशकाकडे फोन केला, तेव्हा कळलं की संकेतस्थळाचं नाव बदललंय आणि जुन्या नावावर येणाऱ्यांना नव्याकडे पाठवण्याचं काम याच आठवड्यात व्हायचंय. ‘बघायला येऊ का?’ असं विचारलं.

अप्पा बळवंत चौकाजवळ, जिना चढून गेल्यावर ऑफिस. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये जेमतेम एक टेबल. संगणकाचं सगळं काम एक तरुण मुलगी बघते. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो.

“पत्ते वळवणारं टूल चालायला एक मिनिट लागेल, काका,” ती म्हणाली. “यादीला नऊ दिवस लागले.”

यादी म्हणजे दोन रकाने, जुना पत्ता आणि नवा पत्ता. छापलेलं एकेक पुस्तक काढून, एकेक कोड स्वतःच्या फोननं वाचून तिनं ती भरली होती. डोमेन विकणाऱ्यांच्या पॅनेलवर सगळंच्या सगळं नव्या मुखपृष्ठाकडे वळवायची सोय असते, दोन क्लिकमध्ये होतं. ती का वापरली नाही, असं मी विचारलं. “ओवी ऐकायला आलेल्या माणसाला दुकानाच्या दारात आणून सोडायचं का?” गूगललाही हे चालत नाही म्हणे. संबंध नसलेल्या मुखपृष्ठावर वळवलेलं पान ते बऱ्याचदा हरवलेलंच धरतं. मला मात्र गूगलपेक्षा तिचं दाराचं बोलणं जास्त पटलं.

डीएनएस वाचकाला दुसरीकडे पाठवत नाही, हे मला तिथे कळलं. तो नावावरून फक्त सर्व्हरचा आयपी पत्ता देतो. ‘ते पान आता तिकडे आहे’ हे सांगायला जुन्या नावावर एक सर्व्हर जागा ठेवावाच लागतो. त्याच्याकडे जुन्या नावाचं सुरक्षा प्रमाणपत्रही हवं, नाहीतर वळण घ्यायच्या आधीच ब्राउझर धोक्याची सूचना देऊन वाचकाला अडवतो. हे सगळं टूल उभं करतं. डीएनएसची नोंद ठिकठिकाणी किती वेळ साठवायची, तो आकडा, बदल लवकर पोचावा म्हणून, ताईनं आदल्या दिवशीच 86400 सेकंदांवरून 3600 वर आणला होता.

आधी तालीम. टूल काहीही न बदलता, काय बदलेल ते दाखवतं. पडद्यावर हिरव्या ओळी सरकत गेल्या आणि मध्येच लाल झाल्या. सगळ्या लाल ओळी मराठी पत्त्यांच्या होत्या.

इंग्रजी अक्षरांतले पत्ते बिनबोभाट गेले होते. ओव्यांचे पत्ते देवनागरीत होते. देवनागरीतल्या एकेका चिन्हाचे तीन बाइट होतात, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे ‘ओ’ या एका अक्षराची नऊ चिन्हं. यादीत पत्ते असे रूपांतर होऊनच आले होते आणि टूलनं त्यांचं पुन्हा रूपांतर केलं. टक्क्याच्या चिन्हापुढे पंचवीस येऊन बसले आणि ओवीचा पत्ता कुणाचाच राहिला नाही.

ताई काही बोलली नाही. सगळा रकाना तिनं आधी परत साध्या मराठीत आणला. पडद्यावर एकाखाली एक ओव्यांचे पहिले शब्द उमटले. ते बरोबर आहेत ना, हे ती पुस्तक उघडून बोटानं ताडून बघत होती. नऊ दिवसांनंतरही. मशीनला सांगून झालं असतं, पण तिला स्वतः वाचायचं होतं. ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्या तालमीत सगळं हिरवं. आधी तिनं 302 लावला, म्हणजे तात्पुरतं वळण. 301 म्हणजे कायमचं. ते ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे चूक राहिली तर ती वाचकाच्या फोनमध्ये जाऊन बसते. जेवणानंतर तिनं पुन्हा एकेक पत्ता तपासला आणि मग 301 केला.

“काका, तुमचं पुस्तक?”

मी पिशवीतून काढलं, कोडवर फोन धरला. वर पत्ता क्षणभर हलला. आधी जात्याची घरघर आली, मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. गठ्ठा बांधणारे मामा सुतळी हातात धरून थांबले.

तेवढ्यात मालक आले. जुन्या नावाचे पैसे अजून किती वर्षं भरायचे, असा त्यांचा प्रश्न होता. जुनं नाव सुटलं की ही सगळी वळणं त्याच दिवशी बंद पडतात. वळण निदान एक वर्ष ठेवावं, असं गूगल सांगतं.

“ग्रंथालयात पुस्तक तीस वर्षं राहतं,” ताई म्हणाली. “एका वेळी दहा वर्षांचे भरता येतात. तेवढे भरू या.”

मालकांनी पुस्तक हातात घेतलं, पान उलटलं आणि आपला फोन त्यावर धरला.