मादीला नर दाखवण्याआधी

वराहपालन करणाऱ्या आपल्या गटांत माद्या चार-पाच आणि नर एकच, असं बऱ्याचदा असतं. मादी माजावर आली की नर या घरून त्या घरी जातो. खर्च वाचतो हे खरं, पण रोगालाही गाव फिरायला आयतं वाहन मिळतं.

सगळ्यात मोठी भीती आफ्रिकन स्वाइन फीवरची. आपल्या देशात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा सापडला, २०२२ मध्ये केरळातही पोचला. माणसाला तो होत नाही, पण लागण झालेली डुकरं बहुतेक दगावतात. औषध नाही. साध्या स्वाइन फीवरची लस मिळते, ती टोचून घ्याच. पण ती या रोगावर चालत नाही. नावं सारखी, म्हणून इथेच घोळ होतो.

विषाणू बहुतेक वेळा आपणच घरी आणतो. हॉटेलच्या खरकट्यात डुकराच्या मटणाचा एक कच्चा तुकडा असला तरी पुरे. खारवलेल्या, सुकवलेल्या, गोठवलेल्या मटणातही तो महिनोन्महिने टिकतो. २००७ मध्ये जॉर्जिया देशात साथ आली ती बंदरावरच्या जहाजांच्या खरकट्यातून, असं तज्ज्ञ मानतात. खरकटं न घातलेलंच बरं. घालायचंच तर ढवळत ढवळत अर्धा तास खळखळून उकळा, नुसतं कोमट करून भागत नाही. कच्च्यात फिरवलेली काठी शिजलेल्यात नको.

आता नर. माझं मत विचाराल तर गटाचा नर गटाबाहेर पाठवूच नये, मग मागणारी सख्खी नणंद का असेना. ज्या घरी एकही जनावर आजारी आहे तिथे तर नाहीच. रेतातूनही विषाणू जातो, म्हणून कृत्रिम रेतन करायचं तरी तपासलेल्या नराचंच.

विकत आणलेलं जनावर तीस दिवस वेगळं बांधा. त्याची बादली वेगळी, आणि त्याला चारा सगळ्यांत शेवटी. व्यापारी, खाटीक यांना शेडबाहेरच थांबवा. आपल्यालाही आत जायला वेगळी चप्पल हवी. शेड आधी घासून धुवा, मग जंतुनाशक मारा. घाणीवर ते काम करत नाही.

जोराचा ताप, खाणं बंद, कान-पोट लाल-जांभळं, मादी गाभडणं, अचानक मरणं, यातलं काहीही दिसलं तर जनावर विकू नका, कापू नका. निदान चार पैसे सुटतील असं वाटतं, पण त्या मटणाबरोबर रोग पुढच्या गावी जातो. रोग पक्का झाला तर एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात, म्हणजे शेजारणीचीसुद्धा. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ वर फोन करा.