गुळवेल रोज प्यायची नसते

“झाडपाल्याचं औषध, त्यानं काय अपाय होणार?” गुळवेलीबद्दल हे वाक्य कोरोनाच्या साथीपासून इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देताना आवाज चढतो. कण्हेर झाडच आहे. धोतराही झाडच.

गुळवेलीत काही नाही, असं मी म्हणत नाही. बोटभर जाडीचं खोड आडवं कापा, आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. वरची पातळ साल नखानं निघते आणि खाली हिरवंगार लागतं. तिच्यात कडू डायटर्पिनॉइड आहेत, बर्बेरिनसारखी अल्कलॉइड आहेत आणि प्रयोगशाळेत प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या बहुशर्करा आहेत. ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुणही दिसला.

पण मग विचार करा. जे द्रव्य प्रतिकारशक्तीला हलवतं, ते प्रत्येकाच्या शरीरात हवं तिथेच थांबेल, ही खात्री कोणी दिली? काहींची प्रतिकारशक्ती मुळातच स्वतःच्या अवयवांवर उलटणारी असते. तिला आणखी चेतवलं तर यकृतावर हल्ला होऊ शकतो.

ही नुसती भीती नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेले आढळले. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये यकृतरोगांच्या नियतकालिकात आला. ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. गल्लत होते, हे खरंच आहे; त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर ठळक गाठी असतात. पण कुंपणावरची वेल तोडून आणणारे किती जण गाठी बघतात? शिवाय २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. लाखोंनी काढा प्यायला, त्यात ही संख्या लहान आहे, मान्य. पण ‘अपाय नाहीच’ म्हणणाऱ्याला ती पुरेशी आहे.

‘आयुर्वेदात सांगितलंय’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय, की आयुर्वेद मात्रा, प्रकृती आणि काळही सांगतो. वर्षभर रोज पेलाभर काढा पिणं हे वैद्याचं सांगणं नव्हे, व्हॉट्सॲपचं आहे.

गुळवेल सत्त्व म्हणजे तीव्र अर्क, हाही गैरसमज. खोड कुटून पाण्यात कालवल्यावर तळाशी बसणारी ती पांढरी भुकटी मुख्यतः पिष्टच. आणि मधुमेहाच्या गोळीसोबत काढा घेणाऱ्यांनी साखर फार उतरण्याचा धोका लक्षात ठेवावा.

संधिवातासारखा स्वप्रतिकार आजार, थायरॉइडचा तसा विकार किंवा यकृताचं जुनं दुखणं असेल, तर विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका. घेत असाल आणि डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर काढा त्याच दिवशी थांबवा. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘गुळवेल घेत होतो’ हे आधी सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.