केळीच्या जनुकांचा हिशेब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रावेर-यावलच्या ग्रँड नैन केळीच्या पानात आणि घडात जनुके तीच असतात. फरक असतो तो कोणते जनुक किती कामाला लागले आहे, याचा. आरएनए मोजून तो आकड्यांत येतो. त्याला जीन एक्स्प्रेशन म्हणतात. हे आकडे डेटाबेसमध्ये साठवताना काही गैरसमज हमखास आडवे येतात.

‘एक मोठी एक्सेल शीट केली की झाले.’ नाही. माणसाच्या ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशा जनुकांना एक्सेल परस्पर तारखा करून टाकत असे. २०२०मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अशी नावेच बदलल्याचे जाहीर केले.

‘आकडे जपा, नमुन्याची माहिती वहीत आहेच.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. करपा आलेले पान आणि निरोगी पान यांची तुलना करायची आहे. बाग कोणत्या हंगामातली, मृगबाग की कांदेबाग? पान वरून कितवे? सकाळी सातला तोडले की मे महिन्यात दुपारी एकला? जळगावच्या उन्हात उष्णतेला तोंड देणारी जनुके दुपारी उसळतात. वेळ नोंदलेली नसेल तर ती उसळी करप्याच्या नावावर खपते. म्हणून यातल्या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रकाना हवा. ‘रिमार्क’मध्ये सगळे कोंबले की नंतर काही शोधता येत नाही. झाड, नमुना आणि सिक्वेन्सिंगची खेप यांचीही टेबले वेगळी ठेवावीत. एकाच झाडाची तीन मोजमापे म्हणजे तीन झाडे नव्हेत, हे टेबलांच्या रचनेतूनच कळले पाहिजे.

‘जनुकाचे नाव हीच प्रायमरी की.’ केळीचा जीनोम २०१२मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ३६,५४२ जनुके मोजली होती. पुढच्या आवृत्त्यांत संख्याही बदलली, ओळखक्रमांकही. म्हणून की, म्हणजे ओळीची कायमची ओळख, आपली स्वतःची असावी आणि नावाशेजारी जीनोमची आवृत्ती लिहावी.

‘टीपीएम ठेवले, आता कच्चे काउंट कशाला?’ टीपीएम हा प्रमाणात बसवलेला आकडा, काउंट हा मूळ मोजणीचा. नुसत्या टीपीएमवरून काउंट परत मिळत नाहीत, आणि डीईसेक२सारखी तुलनेची साधने काउंटच मागतात. शून्य आणि रिकामी जागाही एक नव्हे: शून्य म्हणजे मोजले पण सापडले नाही, रिकामे म्हणजे मोजलेच नाही.

‘याला महासंगणक लागतो.’ दर नमुन्यात दर जनुकाला एक ओळ अशा हिशेबाने २०० नमुने धरले तरी सुमारे ७३ लाख ओळी होतात. जनुक आणि नमुना यांवर इंडेक्स असेल तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस साध्या लॅपटॉपवरही त्या पेलतो. एकेका पेशीचे मोजमाप असेल तेव्हा मात्र आकडे एचडीएफ५ फाइलीत आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता, हे बरे.

धुळ्याच्या कपाशीलाही हीच रचना चालते, पण एक रकाना वाढवून. अमेरिकन कपाशीत ए आणि डी असे दोन उपजीनोम असतात आणि बऱ्याच जनुकांच्या जवळजवळ सारख्या जोड्या. आकडा जोडीतल्या कोणत्या प्रतीचा, हे तिथे लिहावेच लागते.