वजनकाट्याला न दिसणारी चरबी

मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागतो. तिथली कातडी जाडसर होते, कधी काखेतही तसाच काळेपणा येतो. आई आधी साबण लावून घासते, मग डाळीचं पीठ, मग लिंबू. काही केल्या जात नाही तेव्हा ‘उन्हात हुंदडतो ना दिवसभर’ म्हणून विषय मिटतो. पण तो बहुधा मळही नसतो आणि उन्हाचा रापही नसतो. रक्तातलं इन्सुलिन बराच काळ वाढलेलं राहिलं की त्याच्या प्रभावाने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, त्याची ही खूण. अशा मुलाची साखर तपासली तर ती अनेकदा नॉर्मलच येते. ती नॉर्मल ठेवण्यासाठी त्याचं स्वादुपिंड किती जादा राबतंय, ते त्या रिपोर्टात दिसत नाही.

आपल्याकडे लठ्ठ मुलांची संख्या झपाट्याने वाढली आहे, यात वाद नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार ५ ते १९ वयोगटातली लठ्ठ मुलं भारतात १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती, २०२२ मध्ये ती सव्वा कोटी झाली. तरी मला जास्त अस्वस्थ करतात ते दुसरे आकडे. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने देशभरातल्या मुलांच्या पोषणाची पाहणी केली, त्यात रक्तही तपासलं. वजन प्रमाणाबाहेर असलेली मुलं ५ ते ९ या वयात ४ टक्के आणि किशोरवयात ५ टक्के निघाली. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली मुलं मात्र दोन्ही गटांत सुमारे १० टक्के. म्हणजे जाड मुलं झाडून सगळी या उंबरठ्यावर आहेत असं धरलं, तरी जवळपास तेवढीच उरतात, ज्यांना कुणीही लठ्ठ म्हणणार नाही.

हे कोडं उलगडायला पुण्यातल्या संशोधनाची मोठी मदत झाली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या काही गावांतल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. जन्मलेल्या बाळांची फक्त वजनं करून ते थांबले नाहीत. बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली कातडीची चिमट धरून त्या घडीची जाडी मोजली. बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. हात-पाय, स्नायू, पोटातले अवयव, सगळंच गावातल्या बाळांचं लहान. पाठीवरच्या चरबीत मात्र त्या मानाने फारशी तूट नव्हती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त, अशी ही बाळं होती.

मोठेपणीही हा फरक राहतो. डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

पुण्याचाच १९९९ सालचा आणखी एक अभ्यास प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावा असा आहे. आठ वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचं प्रमाण कुणात सर्वाधिक होतं? जी जन्मली तेव्हा बारीक होती आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी झाली, त्यांच्यात. ‘जन्मला तेव्हा मूठभर होता, आता बघा कसा गुटगुटीत झालाय’ हे कौतुक अनेक घरांत मनापासून होतं. त्यासाठी आजीला दोष देणं अन्यायाचं आहे. तिने उपासमारीने दगावलेली मुलं पाहिलेली असतात. पण तिच्या काळी शाळेच्या दारात गोड पेयं आणि पाच रुपयांची पाकिटं नव्हती, संध्याकाळी मैदान असायचं, क्लास नव्हता.

चरबी कातडीखाली साठली तर तिचा त्रास तुलनेने कमी. ती आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागली की यकृत आणि स्नायू इन्सुलिनला जुमानेनासे होतात. त्यात मूल वयात येताना वाढीच्या हार्मोनमुळे इन्सुलिनचा परिणाम आणखी साधारण ३० टक्क्यांनी घटतो. बहुतेक मुलं हा ताण निभावून नेतात. ज्यांचं स्वादुपिंड आधीच थकलेलं असतं, ती टाइप-२ मधुमेहात जातात. (लहान मुलांचा टाइप-१ मधुमेह पूर्ण वेगळा. तो खाण्यामुळे होत नाही, आणि त्या मुलांच्या आयांना टोमणे मारणं आता थांबायला हवं.)

कोवळ्या वयातला टाइप-२ मोठ्यांच्या मधुमेहापेक्षा आक्रमक असतो. अमेरिकेत टाइप-२ झालेल्या, १० ते १७ वयाच्या ६९९ मुलांवर २००४ पासून एक अभ्यास झाला. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीने जवळपास निम्म्यांची साखर आटोक्यात राहिली नाही. सरासरी २६व्या वर्षापर्यंत ६० टक्के जणांचे डोळे, मूत्रपिंडं किंवा नसा यांपैकी कशाला तरी इजा झाली होती. २६ म्हणजे आपल्याकडे पहिल्या नोकरीचं, लग्नाचं वय.

म्हणून काट्यावर विसंबू नये. मुलाच्या उंचीइतका दोरा घ्या, तो मधोमध दुमडा आणि कमरेभोवती गुंडाळा. पुरला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन जास्त असून घरात मधुमेह असेल, आईला गरोदरपणात शुगर झाली असेल, बाळ कमी वजनाचं जन्मलं असेल किंवा मान काळवंडली असेल, तर दहाव्या वर्षापासून, किंवा त्याआधीच मूल वयात येऊ लागलं तर तेव्हापासून, साखर तपासून घ्यावी असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते.

सुधारायला वेळ असतो, हेही तितकंच खरं. डेन्मार्कमधल्या ६२ हजारांहून अधिक पुरुषांच्या बालपणीच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की सातव्या वर्षी जाड असलेली, पण तेराव्या वर्षाआधी योग्य वजनावर आलेली मुलं मोठेपणी टाइप-२ मधुमेहापासून कधीच जाड नसलेल्यांइतकीच सुरक्षित होती. पुण्याच्या संशोधकांनी तर त्याहून मागे जायचं ठरवलं. १९९३ च्या त्या अभ्यासातली बाळं किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना जीवनसत्त्व बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं द्यायला सुरुवात झाली. पुढच्या पिढीचं बाळ गर्भात येण्याआधीच त्याच्या आईबापाची कमतरता भरून निघावी, म्हणून.