डॅशबोर्डवर तीन-चार दिवे एकदम लागले? पार्ट बदलण्याआधी बॅटरी मोजा



टिफिन, केक, भाजी किंवा पार्सलच्या डिलिव्हरीसाठी तुम्ही सेकंडहँड कार किंवा व्हॅन घेतली असेल, तर आजचा विषय थेट तुमच्या खिशाशी जोडलेला आहे.

सकाळी चावी फिरवली की एबीएस, स्टिअरिंग, चेक इंजिन असे दिवे एकदम लागतात. घड्याळ रीसेट होतं. काच अर्ध्यात अडकते, सेंट्रल लॉक कधी चालतं, कधी नाही. मग "सेन्सर गेलाय", "वायरिंग काढावं लागेल" असं ऐकायला मिळतं. गाडी दोन दिवस गॅरेजला आणि तुमच्या ऑर्डर बंद. पण इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिवशी खराब होणं तसं अवघड आहे. त्यामुळे आधी त्या सगळ्यांना जोडणारी गोष्ट तपासायची, ती म्हणजे बॅटरी.

असं का होतं?

गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी असलं की घरातले सगळेच नळ बारीक येतात. नळ बदलून काय उपयोग? व्होल्टेजचंही तसंच आहे. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर सेकंदभर 100 अँपियरपेक्षा जास्त करंट ओढते. कमजोर बॅटरीचं व्होल्टेज त्या वेळी इतकं पडतं, की गाडीतले छोटे कॉम्प्युटर रीस्टार्ट होतात, त्यांचं एकमेकांशी बोलणं तुटतं आणि ते एरर नोंदवून ठेवतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला करंट जास्त लागतो, म्हणून त्याचा दिवा बऱ्याचदा लवकर लागतो. "कट-कट-कट" आवाजाचं कारणही हेच. रिले ओढला जातो, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, पुन्हा ओढला जातो.

तीन रीडिंग घ्या

साधा मल्टीमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. डीसी 20 व्होल्टवर ठेवा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

1. गाडी रात्रभर उभी, सगळं बंद : 12.6 च्या आसपास म्हणजे फुल चार्ज. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

2. सेल्फ मारताना : दुसऱ्या कुणाला चावी फिरवायला सांगा आणि मीटर बघा. साधारण 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित. हे रीडिंग चुकवू नका. जुनी बॅटरी उभ्या गाडीत 12.6 दाखवते आणि लोड आला की बसते.

3. इंजिन चालू असताना : 13.8 ते 14.5 हवं. 12.5 वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणार. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा एकदा बघा.

आधी फुकटचा उपाय

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर चांगली बॅटरीसुद्धा कमजोर वाटते. इंजिन बंद करा, मायनस आधी काढा, कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने साफ करा, कोरडं करा, मायनस शेवटी लावा. पावडर हाताला लागू देऊ नका. आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघायची जुनी पद्धत कुणालाही करू देऊ नका. त्याने कॉम्प्युटर जाऊ शकतो.

डिलिव्हरीच्या गाडीला जास्त त्रास का?

दर सोसायटीपाशी बंद-चालू, मधलं अंतर एक-दोन किलोमीटर. सेल्फमध्ये गेलेलं चार्ज परत भरायला वेळच मिळत नाही. त्यात बाहेरून बसवलेला जीपीएस, डॅशकॅम, म्युझिक सिस्टीम गाडी बंद असतानाही थोडा करंट खात असतात. उन्हाळ्याची उष्णता बॅटरीचं आयुष्य आणखी कमी करते. साधारण तीन वर्षं झाली की दर महिन्याला मोजायची सवय लावा.

बदलायचीच असेल तर

जुनी बॅटरी एक्स्चेंजला द्या, बिलात तिचे पैसे वजा होतात. वॉरंटी कार्डवर तारीख आणि शिक्का घ्या. उत्पादनाचा महिना विचारा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरते. सिग्नलला आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप गाडी असेल तर कंपनीने सांगितलेला ईएफबी किंवा एजीएम प्रकारच घ्या. बदलल्यावर ऑटो विंडो पुन्हा सेट करावी लागू शकते, तो बिघाड समजू नका.

तिन्ही रीडिंग बरोबर आहेत आणि टर्मिनलही साफ आहे, तरी दिवे लागतायत? मग खरंच दुसरीकडे बिघाड आहे, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. एबीएस किंवा स्टिअरिंगचा दिवा सुरूच असेल तर गाडी तशीच रेटू नका. फक्त तुमचे तीन आकडे कागदावर लिहून न्या. आकडे हातात असले की बोलणं "काहीतरी गेलंय" पासून सुरू होत नाही आणि समोरचाही अंदाजाने पार्ट बदलत नाही. व्यवसायात खर्चाची वही ठेवता ना? त्यातच एक पान गाडीच्या बॅटरीसाठी ठेवा.

मीटर कुठे आणि कसा लावायचा, ते व्हिडिओत दाखवलंय. बघा आणि उद्या सकाळी पहिली डिलिव्हरी निघायच्या आधी पहिलं रीडिंग घ्या.